जावई पवनीला गेला

झडीच्या दिवसांत आमच्या घरचं दही मशीनजवळ लागायचं. मशीन म्हणजे बाबांचं अँप्लिफायर. पाऊस दिवसचे दिवस उघडायचं नाव घेत नसला की आमच्याकडे झड लागली म्हणतात, आणि त्या ओल्या गारठ्यात विरजण घातलेलं दूध दुसऱ्या दिवशीही दूधच राहतं. आईनं त्यावर तोड काढली होती. बाबा सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, मशीन चालू करून बसले की ती दुधाचं गंज, म्हणजे पातेलं, फडक्यात गुंडाळून मशीनच्या पाठीशी आणून ठेवायची. मशीनच्या पत्र्यावर काचेचे वाल्व ओळीनं उभे असत. तापले की त्यांच्या पोटात लालसर उजेड दिसे आणि त्या धगीनं दही असं घट्ट लागायचं की गंज कलतं केलं तरी हलत नसे. बाबा कुरकुरायचे, "मशीन हाय का चूल हाय व?" आई म्हणायची, "कायचं का होईना, घराच्या कामी त आलं!" त्या दह्याला तापलेल्या वार्निशचा हलकासा वास यायचा. मला तो इतका आवडायचा की आजही विकतचं दही खाताना काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटतं.

बाबा मुळात धानाचे शेतकरी. घरासमोर आमच्या बांधी म्हणजे धानाची खाचरं, बांधीच्या पलीकडे गावाच्या तलावाची पार म्हणजे मातीचा बांध, आणि पारीवर उभं राहिलं की सगळं गाव तळहातावर घेतल्यासारखं दिसायचं. शेती पोटासाठी होती. जीव मात्र मशीनमध्ये होता. आजूबाजूच्या गावांत लग्न, भजन, मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, काहीही असो, पोंगा आमचाच लागायचा. पोंगा म्हणजे तो झाडावर बांधायचा कर्णा. बाबांना लोक पोंगेवालेच म्हणत आणि बाबांना ते मनापासून आवडायचं. पण खरी गंमत पोंग्यात नव्हती, वाल्वमध्ये होती. मशीनमधून आवाज बाहेर ढकलायचं काम शेवटच्या दोन मोठ्या वाल्वचं असतं, आणि ते दोघं सारखे असावे लागतात. एक जोरदार आणि एक मरतुकडा, असं जुंपलं की बैलांच्या जोडीसारखंच होतं, आवाज एका अंगाला ओढला जातो. त्यामुळे बाबा जोड्या गोळा करायचे. भंडाऱ्याला गेले की घरच्या कामाआधी पितळी भांड्यांच्या बाजारातल्या मोडीच्या ढिगाकडे जायचे. तिथं पितळेच्या मोहानं लोकांनी आणून टाकलेले जुने रेडिओ, सरकारी कचेऱ्यांतून निघालेली मशीनं, तुटकी यंत्रं पडलेली असत. दुकानदाराला पितळ हवं असे, बाबांना काच. दोघंही एकमेकांना मनातून येडे समजत आणि फार प्रेमानं वागत.

घरी आणलेले वाल्व बाबा कापडात गुंडाळून धानाच्या कोंड्यात ठेवत. बांबूच्या एका लहान ढोलीत आई बियाण्याचं धान ठेवायची, तिच्या शेजारची ढोली वाल्वची. पाहुणे आले की घरातला दागिना दाखवावा तसे ते एकेक काढून दाखवत. कोणी "सारेच त सारखे दिसून राहिले जी" असं म्हटलं की बाबांचा चेहरा पडायचा. ते म्हणायचे, "दिसून नाही राहिले सारखे. आन बोलत त बिलकुल नाहीत."

आता ते कसे बोलतात हे ठरवायचं कोणी? इथं बाबांनी जी रीत काढली होती तशी मी पुढे आयुष्यात कुठं पाहिली नाही. ते म्हणत, मशीनच्या जवळ उभं राहिलं की सगळेच वाल्व गोड लागतात. खरा वाल्व तो, ज्याचा शब्द लांब, वाऱ्यापाण्यातून, कामात गुंतलेल्या माणसाच्या कानात स्पष्ट पडतो. म्हणून वाल्वची परीक्षा रोवणीच्या दिवसांत व्हायची. पावसाळ्यात लग्नं नसत, मशीन रिकामं असायचं, आणि समोर बांधीत गावच्या बाया गुडघाभर चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावत असायच्या. त्याच बाबांच्या पंच. त्यांची म्होरकी ठमाबाई. उंच, काटक, आवाज असा की तिला कुठल्या पोंग्याची गरज नव्हती. कोणता वाल्व लावलाय हे बाबा कोणालाच सांगत नसत. पोंग्यातून ठरलेलं वाक्य जायचं, आणि ठमाबाई वाकलेलीच कान देऊन ऐकायची, शेजारणींशी दोन शब्द बोलायची आणि मग निकाल द्यायची. एक हात वर करून परे बांधलेली एक पेंडी दाखवली तर वाल्व चालण्यासारखा. दोन्ही हातांत दोन पेंड्या डोक्यावर धरल्या तर अव्वल. आणि पेंडी धपकन पाण्यात आपटली तर तो वाल्व परत कोंड्यात.

वाक्य बोलायचं काम माझं. रेकॉर्डची तबकडी बाबांना चालत नसे, तिच्यात आधीच दुसऱ्या कोणाचं मशीन बोललेलं असतं म्हणत. माणूस दर वेळी तोच हवा, आवाज तोच हवा, तरच वाल्वा-वाल्वातला फरक कळेल. आणि घरात दिवसभर न थकता बोलणारा माणूस मी एकटाच होतो. मी हायस्कुलात नुकताच जायला लागलो होतो, पण हे काम मला अक्षरं फुटली तेव्हापासूनचं. वाक्य बाबांनीच जुळवलेलं: "झडीत भिजली छत्री, ठमाबाईच्या घरी धानाचा ढीग." झ, छ, ठ, ढ ही अक्षरं कमअस्सल वाल्वमध्ये फुटतात असा त्यांचा अनुभव होता. ठमाबाईला आपलं नाव पोंग्यावरून जातं याचा अभिमान होता, पण दर वर्षी ती न चुकता विचारायची, "काहो पोंगेवाले, ढीग कुठी हाय जी माह्या घरी? मले त दिसून नाही राहिला!" बोलताना माझं तोंड भिंतीकडे असावं असा बाबांचा नियम होता. समोर बांधी दिसली तर पोरगा पेंडीकडे पाहून आवाज कमीजास्त करेल, ही भीती. त्यामुळे पेंडीची ती खूण मला इतकी वर्षं ऐकूनच ठाऊक होती. पाठीमागून बाबांचा "वा!" आला की दोन पेंड्या वर गेल्या हे समजायचं, आणि पाण्यात धपकन आवाज झाला तर तो मलाही ऐकू यायचाच.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून एक तरुण भंडाऱ्याच्या माझ्या घरी आला होता. आता या जुन्या वाल्वची पुन्हा चलती आहे. गाणं ऐकायला लोक वाल्वची अँप्लिफायरं मुद्दाम बांधून घेतात, आणि जुन्या जोड्या शोधत कुठून कुठून माझ्यापर्यंत येतात. हा पोरगा मोठा लाघवी. त्याच्या घरी बायको वाल्व बदलते आणि हा डोळे मिटून ओळखतो, त्याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं. मी त्याला ठमाबाईची गोष्ट सांगितली. तो इतका खूष झाला की चहा गार झाला तरी कप हातातच. जाताना म्हणाला, "काका, आमच्याकडे फक्त चिखल कमी पडतो."

बाया नुसता निकाल देऊन थांबत नसत. सगळ्या जोड्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एक जोडी किनरी, टोचरी, तिचं नाव सासू. एक स्पष्ट पण कोरडी, तो मास्तर. एक सारखी गुणगुणायची, ती भजनी. आणि एक जोडी तापायला फार वेळ घ्यायची, दर वेळी बैठक नीट जमवून द्यावी लागायची, पण एकदा का रंगात आली की असं भरदार, मऊ, समजून बोलायची की बाया हातातलं काम थांबवत. तिचं नाव जावई. ही जोडी बाबांना भंडाऱ्याच्या मोडीतच, एका कुजक्या लाकडी पेटीत मिळाली होती. काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली, बूड तपकिरी, आणि तापल्यावर काचेच्या आतून निळसर झाक मारायची. दर वर्षी जावयाला दोन पेंड्या मिळत. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली की मशीनमध्ये जावईच बसायचा, आणि त्या दिवशी आवाज तलावाच्या पारीपर्यंत जसाच्या तसा जातो याचा गावाला गर्व होता. बाबांसाठी तो नुसता गर्व नव्हता. ती जोडी त्यांच्या जिवाचा तुकडा होती.

मी सांगतोय त्या वर्षी रोवणी जोरात होती. बाबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी जावई लावला. आई गंज घेऊन आली, मी भिंतीकडे तोंड करून बसलो, बाबांनी पाठीवर थाप मारली आणि मी म्हटलं, "झडीत भिजली छत्री..." आणि मागून धपकन आवाज आला. वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. बाबांनी बैठक पुन्हा जमवली, पिना घासल्या, तारा पाहिल्या. पुन्हा वाक्य. पुन्हा धप. या वेळी दोन-तीन धपधप, म्हणजे बाकीच्या बायांचंही मत पडलं होतं. मग बाबांनी मास्तर लावला, भजनी लावली. सगळ्यांची तीच गत. चाललं काय तर सासू! तिला एक पेंडी मिळाली. दुपारी जेवायला आलेल्या ठमाबाईनं सपरीत बसून भातावर लाखोरीचं वरण घेता घेता सविस्तर सांगितलं, "जावयाचा आवाज बसला जी. मधातच घोगरा होते, मधातच फाटते. मेल्यावानी वाटते. सासू बरी, ते आपली एका सुरात कोकलते." बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

त्याच दिवसांत घरात दुसरंही एक दुखणं चालू होतं, ते माझ्या घशाचं. आईचं म्हणणं, मी चोरून चिंचा खातो. त्यामुळे सकाळी अडुळशाचा काढा, रात्री हळदीचं दूध, मध्ये मध्ये मिठाच्या गुळण्या. काढा इतका कडू की मी तो गिळताना जे तोंड करायचो ते पाहायला शेजारची पोरं जमायची. मला खरंच वाटायचं की घसा बिघडलाय. आणि पोंग्यातून जो चिरका-घोगरा आवाज निघे, तो वाल्वमुळे, असंही मला तितकंच खरं वाटायचं. एका खोलीत आई माझ्या गळ्याला कोमट तेल लावायची आणि दुसऱ्या खोलीत बाबा वाल्वच्या पिना रॉकेलनं पुसायचे. दोन्ही दुखण्यांवर इलाज चालू होता, दोन्हींना गुण येत नव्हता, आणि ही दोन दुखणी एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आता आठवलं की एकटाच हसत बसतो आणि बायको विचारते, काय झालं.

बाबांचा मात्र धीर सुटत चालला होता. आधी त्यांनी ओलीला दोष दिला, मग विजेला, मग स्वतःच्या कानांना. इतकी वर्षं पोंग्याखाली काढली, कानच गेले असतील, म्हणायचे. मशीन लावायचे आणि नुसते त्याच्यासमोर बसून राहायचे. आई तेव्हा दह्याचं गंजही आणत नसे. पोळा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सायकलीवरून उरकुडाजी आले. उरकुडाजी पवनीचे, तिकडच्या भागातले पोंगेवाले, वाल्वचे बाबांइतकेच शौकीन. दोघांची चढाओढ मोठी, पण एकमेकांच्या घरचं जेवल्याशिवाय कधी परतले नाहीत. त्यांना जावयाची कीर्ती ठाऊक होती आणि तो बिघडल्याची बातमीही कळली होती. त्यांच्याकडे एक कोरी जोडी होती, खोक्यातून न काढलेली. म्हणाले, "तुमची जोडी मले द्या, हे तुम्ही ठेवा. वाया गेली त गेली माही, पाह्यतो मी जमते का त." बाबांनी खोक्याकडे एकदा पाहिलं. मग उठले, ढोलीत हात घातला, जावई काढला, स्वतःच्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि उरकुडाजींच्या पिशवीत ठेवला. सायकल पारीआड होईपर्यंत ते दारातच उभे होते. घरात आले तेव्हा आईला म्हणाले, "मंडईले यावर्षी नवीन जोडी लावू." नवीन जोडी चकचकीत होती, पण रोवणी संपल्यानं तिची परीक्षा झाली नाही आणि बायांनी तिला नावसुद्धा दिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर हलकं, लवकर पिकणारं धान कापणीला आलं. त्या दिवशी न्याहारी पोहोचवायला आईऐवजी मी गेलो. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि आंबट वरणाचं भांडं. बांधीत ठमाबाई आणि तिच्या बाया पाठमोऱ्या वाकून कापत होत्या, आईही त्यांच्यातच होती. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिलो आणि हाक मारली, "ठमामावशी, न्याहारी आनली जी!"

ठमाबाईनं मान वर केली नाही. इळा चालूच होता. वैतागून म्हणाली, "काहून लावला रे तोच सडका वाल्व? तो त पवनीले गेला म्हने ना!"

तिचा इळा मध्येच थांबला. ती सावकाश सरळ झाली. तिनं घराकडे पाहिलं. झाडावर पोंगा नव्हता. तिनं धुऱ्याकडे पाहिलं. तिथं डोक्यावर टोपली घेऊन मी उभा होतो. ठमाबाईनं माझ्याकडे पाहत विचारलं, "तूच बोलला का रे आत्ता?" मी म्हटलं, "हो मावशी." तो "हो" खाली सुरू झाला आणि वर जाऊन फाटला. त्यानंतर त्या बांधीत जे हसू उसळलं ते मी कधी विसरणार नाही. बाया धानात बसकण मारून हसत होत्या, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. "वाल्व नाही व बिघडला! पोरगा जवान होऊन राहिला!" आई धुऱ्यावर आली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, ओठावरची लव नीट पाहिली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मिसा फुटून राहिल्या माह्या पोराले, आन मी येडी काढा पाजून राहिली!" मला लाजेनं कुठं पाहावं कळेना. पण काढा आता बंद होणार हे लक्षात आलं आणि मीही हसलो.

बाबांना सांगायला सगळ्या बायांचा घोळकाच घरी आला. बाबांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, "सपरीत उभा राय आन वाक्य बोल. मशीन नोको." स्वतः बांधीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले. मी ओरडून वाक्य म्हटलं. छत्रीवर आवाज फाटला, ढिगावर घोगरा झाला. बाबा परत आले ते आपल्याच नादात मान हलवत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "सासूनं झाकलं. जावयानं जे होतं तेच सांगतलं. खरं सांगतलं म्हनून त्यालेच घराबाहेर काढलं आपून." मग माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्याला पाहावं तसं, आणि म्हणाले, "सकाळी एसटीनं पवनीले जाऊ. तूही चल."

वाटेत त्यांना एकच घोर होता. दिलेली वस्तू परत मागायची, तीही चढाओढीच्या माणसाकडे, आणि का म्हणून विचारलं तर सांगायचं काय? मुलगा मोठा झाला हे बापाला कळलं नाही, म्हणून वाल्वला दोष दिला? उरकुडाजींनी मात्र दारातच मिठी मारली. "पोंगेवाले, अमृत हाय जी तुमची जोडी! मले समजूनच नाही राहिलं, तुम्ही देल्ली काहून?" आत मशीन चालूच होतं, जावई निळी झाक मारत बसला होता. बाबांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोल." मी भिंत शोधली, सवयीनं तिकडे तोंड केलं आणि वाक्य म्हटलं. छपरावरच्या पोंग्यातून माझा फाटका आवाज पवनीच्या गल्लीत गेला. आतल्या चुलीपासून उरकुडाजींच्या बायकोचा आवाज आला, "कोनाचा पोरगा जवान झाला जी?"

तिनं मला पाहिलेलं नव्हतं. उरकुडाजी एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहत राहिले आणि मग त्यांना जे हसू आलं ते ठसका लागेपर्यंत थांबेना. बाबाही हसले, पण हसता हसता त्यांनी हात जोडले. "उरकुडाजी, जोडी परत द्या." हसणं तिथंच थांबलं. उरकुडाजींनी मशीनवर हात ठेवला. "सौदा झाला जी," ते हळूच म्हणाले. "माह्या मंडईत मले हाच वाल्व लावायचा हाय. साऱ्या गावाले सांगून बसलो मी." ते काही वावगं बोलत नव्हते. बाबांनाही ते पटलं होतं, म्हणूनच त्यांची मान खाली गेली. मी दोघांच्या मध्ये माईक धरून तसाच उभा. तेवढ्यात उरकुडाजींच्या घरच्या मावशी चिवडा आणि चहा घेऊन बाहेर आल्या. ताट ठेवत म्हणाल्या, "दोन्ही गावच्या मंडया का एकाच दिवशी हायेत? त्यायची आधी हाय, आपली मंग. त्यायची झाली का आना इकडं. जावई हाय ना त्याचं नाव? मंडईले सासरी नाही जाऊ देत का कोनी जावयाले?" उरकुडाजींनी बायकोकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि वाल्व निवायची वाट पाहत आम्ही चिवडा खाल्ला. मला त्या चिवड्याची चव अजून जिभेवर आहे.

तेव्हापासून जावई दोन घरांचा झाला. दर वर्षी तो कोंडा भरलेल्या डब्यात बसून एसटीनं इकडून तिकडे जायचा आणि डबा मांडीवर घेऊन मी. शेवटी शेवटी उरकुडाजींच्यानं पोंगा चढवणं होईना, तेव्हा ते स्वतः डबा घेऊन आले आणि म्हणाले, "आता याले घरीच ठेवा." आज तो माझ्या कपाटात आहे. नागपूरच्या पोरानं जाताना फार आशेनं पाहिलं होतं त्याच्याकडे. मी त्याला मास्तर दिला.

त्या वर्षीच्या मंडईला मात्र मी सकाळपासून मशीनपासून लांबच होतो. गावोगावच्या लेकी-जावयांनी घरं भरली होती, मिठाईची दुकानं लागली होती, दंडारीच्या नाचाचे लोक घुंगरं बांधत होते. पाहुण्यांचं स्वागत पोंग्यावरून करायचं काम दर वर्षी माझं. या वेळी मी आईला म्हटलं, मी बोलत नाही, सगळे हसतील. आईनं नवा सदरा माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाली, "हसले त हसले. तोंडात काढा थोडी हाय आता." बाबांनी जावई लावला आणि तो तापेपर्यंत निवांत बसून राहिले. लाल उजेड आला, मग निळी झाक आली. मी भिंतीकडे तोंड केलं. बाबांनी पाठीवर थाप मारली. मनात ठरवलेलं सगळं विसरलं आणि तोंडातून जुनंच वाक्य निघालं, "झडीत भिजली छत्री, ठमाबाईच्या घरी धानाचा ढीग."

छत्रीवर आवाज एकदा अडखळला, आणि मग खाली उतरून असा काही बसला की मलाच तो ओळखू येईना. जाड, ऐसपैस, कोणा मोठ्या माणसाचा. मंडईत हशा पिकला, पण तो वाईट हशा नव्हता. मी धप ऐकू येतं का म्हणून वाट पाहत होतो. तेवढ्यात बाबांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला भिंतीकडून बाहेर वळवलं. इतक्या वर्षांत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं. "पाह्य," ते म्हणाले.

मंडईच्या गर्दीपलीकडे कापलेल्या बांधी होत्या, बांधीपलीकडे पार, आणि पारीवर ऊन अंगावर घेत ठमाबाई उभी होती, बाबांनीच तिला तिथं पाठवलं होतं. तिच्या दोन्ही हातांत नव्या धानाच्या पेंड्या होत्या आणि दोन्ही हात डोक्याच्या वर गेले होते. मला भरून आलं. पण माईक हातात होता आणि पाहुण्यांचं स्वागत अजून व्हायचं होतं. मी घसा साफ केला आणि बाहेरच तोंड ठेवून बोलायला लागलो.